आक्का लई पाप

निपाणी,
दि. ९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप सौ. एस्तर आक्कास,
प्रेमानंदाचा शि. सा. सलाम वि. वि.

(आपल्या वडिलांनी ‘नमस्कारा’च्या जागी ‘सलाम’ घातला, परंतु ‘शिरसाष्टांग’ तसेच राहू दिले. आठही अंगे भूमीस टेकल्यावर सलामासाठी हात कोठून आणावा, याचा खुलासा ते करून गेले नाहीत. मी हा विधी आजवर केवळ कागदावर पार पाडीत आलो आहे. तो गोड मानून घ्यावा.)

इकडे सर्व क्षेम. तुझ्या भावजयीने, म्हणजे समताने, माझ्या चहातून शर्करेचे समूळ उच्चाटन केले आहे. डॉक्टरांनी ‘थोडी कमी करा’ एवढेच म्हटले होते. परंतु समताचा अल्पसंतोषावर विश्वास नाही. शाळेत नवे मुख्याध्यापक आले आहेत. संस्कृत शिकवणारा ख्रिस्ती मनुष्य प्रत्यक्ष असतो की ती अफवा आहे, हे पाहण्यासाठी ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि पाचव्या मिनिटास निद्राधीन झाले. अर्थात माझ्या अध्यापनाचा दर्जा त्यांस पटला असावा.

आता मुख्य विषय. मावशीची सौम्या सुट्टीत इकडे येऊन गेली. ती तुमच्याच मंडळीत गाते, हे तू जाणतेस. मात्र तिचे डोळे गाताना मिटलेले नसतात, हे बहुधा जाणत नसावीस. परवाच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर फिरू लागताच तू बाकाखालची छत्री उचललीस आणि बाहेर निघून गेलीस, असे ती म्हणाली. बाहेर पाऊस नव्हता, हेही तिने आवर्जून सांगितले. महिला सभाही तू रचनाबाईंकडे सोपवल्याचे कळले.

आक्का, तू ताप अंगात असताना प्रभुभोजनास गेलेली मला आठवते. प्रसूतीनंतर तू घरच्यांशी भांडून गेली होतीस. अशा बाईने ऐन भोजनाच्या वेळी पान सोडून उठावे, याची उपपत्ती मला लागत नाही. दूरध्वनीवर विचारले, तर ‘बरं हाय रं’ या सूत्रापलीकडे तू जात नाहीस, आणि त्यावर भाष्य लिहिण्याइतका मी विद्वान नाही. म्हणून हे पत्र. दाजींस सलाम सांगावा. तुझ्या खरडलेल्या चार ओळींची वाट पाहणारा,

तुझा आज्ञाधारक (सोयीनुसार) अनुज,
प्रेमानंद

*

शहापूर, बेळगाव,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रेमानंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी बोलत नाही, कारण फोन ह्यांच्या खाटेशेजारी असतो आणि अर्धं अंग लुळं पडल्यापासून ह्यांचे कान फार तिखट झाले आहेत. बोलायला तीनच शब्द उरलेत, ‘चहा’, ‘नको’ आणि ‘आमेन’. पण ऐकतात सगळं. त्यांच्यामुळे मला काही सोसावं लागतंय, असं त्यांच्या कानावर जायला नको. म्हणून लिहिते. कुणाला सांगू नकोस, आणि उत्तर लिहिशील तर मला कळेल अशा मराठीत लिही.

पूर्वी पहाटे दार लावून तासभर मी प्रार्थनेला बसत होते. आता ह्यांची कूस बदलायची, अंग पुसायचं, गोळ्या द्यायच्या, पेज करायची. मधे जमेल तशी प्रार्थना. ‘हे प्रभू’ म्हणते आणि कुकरची शिट्टी होते. कुकर उतरवून परत येते तर कुठवर आले होते तेच आठवत नाही. मग पुन्हा ‘हे प्रभू’. असं दोन वर्षं चाललंय. त्यालाही माझ्या हाकेचा कंटाळा आला असेल.

ऑगस्टमध्ये रचनाच्या घरी महिला सभा होती. प्रभूची प्रार्थना मी सांगत होते आणि बाकीच्या मागून म्हणत होत्या. ‘रोजची भाकर’ म्हणायच्या जागी माझ्या तोंडून ‘आमची रोजची गोळी आज आम्हांस दे’ असं गेलं. आणि प्रेमानंद, सगळ्याजणी माझ्यामागून तसंच म्हणाल्या रे! कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं आणि कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे आमचे नवीन पाळक घरी आले, सौरव भालेराव. नगरकडचे आहेत, पोरगेलेच, पण मनाने फार चांगले. ह्यांचा हात धरून प्रार्थना केली. जाताना फाटकाशी शेजारच्या जयाबाईंनी त्यांना बराच वेळ धरून ठेवलं. तिचं कानडीत भिजवलेलं मराठी त्यांना किती कळलं देव जाणे. त्याच आठवड्यात ते परत आले. अगदी हळू आवाजात म्हणाले की मनावर काही ओझं असेल, कबूल करावंसं काही वाटत असेल, तर प्रभुभोजनाआधी ते त्याच्या पायाशी ठेवावं. सभेतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, हे मला तेव्हाच कळलं. मी नुसती रडले.

आणि खोटं कशाला लिहू? गोळीचं एवढं काही नाही. एकदा ह्यांची कूस बदलताना माझी कंबर धरली, तेव्हा मी देवावर रागावले. तोंडाने नाही, पण मनाने वाटेल ते बोलले. ते पाळकांना कुणी सांगितलं नाही. तरी त्या रविवारी स्वतःची परीक्षा करण्याबद्दल बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी बसून राहिले असते. दयेने बघितलं. मग त्या भाकरीला हात लावायची माझी छाती झाली नाही. जिचं लक्ष नाही आणि मनही स्वच्छ नाही, तिने तिथे बसू नये. आता यापुढे मी मागच्या बाकावर बसून गाणी म्हणेन आणि भोजनाआधी घरी येईन. एवढं ठरवलंय.

समताला आणि पोरांना आशीर्वाद. साखरेचं तिचं बरोबर आहे.

तुझी,
आक्का

*

निपाणी,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
सलाम (आज साष्टांगाविना, पाठ धरली आहे).

पत्र वाचले. समताला दाखवले नाही. बराच वेळ मला काही विनोद सुचला नाही, यावरून माझी अवस्था ओळखावीस.

चित्त भरकटणे हा अपात्रतेचा निकष असेल, तर मला प्रथम बाहेर काढावे लागेल. आमचे पाळक दीर्घ प्रार्थना करतात तेव्हा मी त्यांच्या समासांचे विग्रह करीत बसतो. मागील महिन्यात त्यांनी सर्व आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. त्या काळात मी केवळ एक अशुद्ध षष्ठी शोधली आणि समाधानाने ‘आमेन’ म्हटले. माझे लक्ष प्रार्थनेतून व्याकरणाकडे जाते. तुझे निदान एका आजारी मनुष्याकडे तरी जाते. दोहोंपैकी कोणाचे चित्त प्रभूच्या अधिक निकट आहे, हे सांगण्यास शास्त्री लागत नाही.

देवावर रागावण्याविषयी एवढेच म्हणतो: जो घरातच नाही, त्याच्यावर कोणी रागावत नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकते. महिला सभेतील एकाही बाईने ‘गोळी’ उच्चारताना अडखळू नये, आणि नंतर त्यांपैकी एकीने ती पाळकांच्या कानी घालावी, हे तर्कास धरून नाही. ज्यांनी स्वतःच गोळी मागितली, त्या तक्रार कशाची करणार? तेव्हा पाळकांस काहीतरी निराळेच कळले असावे. मी त्यांस एक पत्र लिहीत आहे. गोळीचा उल्लेख येणार नाही, रागाचा येणार नाही. केवळ शब्दार्थविषयक शंका विचारणार आहे. तू मनाई करशील हे ठाऊक असल्याने, तुझी मनाई पोहोचण्यापूर्वीच ते टपालपेटीत पडेल अशी व्यवस्था केली आहे.

माया पातळ होऊ देऊ नये, अगदी मी आगाऊपणा केला तरी.

तुझा,
प्रेमानंद

*

निपाणी,
१८ ऑक्टोबर २०२५

मान्यवर रेव्ह. सौरव भालेराव यांस,
प्रभू येशूच्या नावात सलाम वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. आपल्या मंडळीतील सौ. एस्तर यांचा मी कनिष्ठ बंधू. व्यवसायाने संस्कृताचा शिक्षक, प्रवृत्तीने उपद्रवी. आपल्या पाळकीय कार्यात हस्तक्षेप करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून तो अत्यंत विनयपूर्वक करीत आहे.

माझ्या भगिनीच्या ठायी एखादे पाप असल्याचे आपणांस ज्ञात झाले असावे, असा माझा तर्क आहे. हे ज्ञान आपणांस कोठून झाले, एवढेच विचारावयाचे आहे. धाकटा भाऊ या नात्याने मी बालपणापासून तिच्या पापांचा कसून शोध घेत आलो. परंतु वडिलांपुढे सादर करण्याजोगे एकही हाती लागले नाही. आपणांस तेथे येऊन काही महिनेच झाले असता ते सापडावे, याचे मला कौतुक आणि किंचित वैषम्य वाटते.

विनोद बाजूस ठेवून लिहितो. तिने भाकरीपासून स्वतःस दूर ठेवले आहे, आणि तिच्या घरात दुसरे फारसे काही खाण्याजोगे उरलेले नाही. आपले उत्तर माझ्यापाशीच राहील.

आपल्या उत्तराचा व क्षमेचा एकाच टपालाने अभिलाषी,
प्रेमानंद

*

बेळगाव,
२३ ऑक्टोबर २०२५

आदरणीय प्रेमानंद सरांना,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपल्या पत्रातील काही शब्दांसाठी मला शब्दकोश काढावा लागला, परंतु आशय पोहोचला. मी काहीही न लपवता लिहितो, कारण मीही बरेच दिवस अस्वस्थ आहे.

आक्कांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा परतताना शेजारच्या जयाबाई फाटकाशी भेटल्या. त्यांनी पदराने डोळे पुसत मला सांगितले की आक्का लई पाप हाय री, लई म्हंजे लई पाप. मी दचकलो. कशावरून म्हणता, असे विचारले. त्या म्हणाल्या की आपली भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, दोन वर्षे रोज डोळ्यांनी बघतो, आख्ख्या गल्लीला ठाऊक हाय. शेजाऱ्यांची निंदा ऐकू नये म्हणून मी विषय बदलला आणि साहेबांच्या प्रकृतीबद्दल बोललो. त्यावर त्या म्हणाल्या की साहेब तर त्यांच्याहून पाप. सर, जो मनुष्य खाटेवरून हलू शकत नाही तो अधिक पाप कसे करत असेल, हे मला समजेना. मनातले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

इतक्यात एक लंगडे कुत्रे आले. जयाबाईंनी त्याला भाकरीचा तुकडा टाकला आणि हेबी पाप हाय, असे म्हणाल्या. इथे मात्र माझे ज्ञान संपले. प्राण्यांच्या पापाविषयी आम्हाला शिकवलेले नाही. बाई फार धार्मिक असून सर्व सृष्टीच पतित मानत असाव्यात, असा मी अर्थ लावला.

मी हे कोणालाही बोललो नाही. तपशील विचारला नाही. आक्कांना एवढेच म्हणालो की काही ओझे असेल तर उतरवा. त्या रडल्या, तेव्हा जयाबाईंचे म्हणणे खरे असावे, असे मला वाटले. त्या रविवारी त्या उठून गेल्या तेव्हा भाकरीची थाळी माझ्या हातात होती. त्यांना थांबवावे की नाही हे मला सुचले नाही. त्यानंतर मी त्या जागेकडे पाहून नीट उपासना चालवू शकलेलो नाही.

माझी कोठे चूक झाली असेल तर आपण वडीलकीने सांगावे. प्रार्थनेत माझी आठवण राहो.

आपला नम्र,
सौरव भालेराव

*

निपाणी,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. सलाम, आठही अंगांनी, आणि ही अतिशयोक्ती नव्हे. पाळकांचे पत्र वाचून मी खरोखरच जमिनीवर लोळलो. समता धावत आली. मी चोरून साखर खाल्ली असावी, असा तिचा प्रथम समज झाला.

पाळकांचे पत्र सोबत जोडीत आहे. दूरध्वनीवर त्यांनी परवानगी दिली आहे. लंगड्या कुत्र्यापर्यंत वाच आणि थांब.

वाचलेस? आता, आक्का, तू जयाबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहतेस. पोर पडले, की ती बाई काय म्हणते? भाजीवाल्याची हातगाडी उलटली, की काय म्हणते? ‘पाप!’ आपण मराठीत जेथे ‘बिचारा’ म्हणतो, तेथे कानडी माणूस ‘पाप’ म्हणतो. आपल्या कानांस याची इतकी सवय आहे, की आपण तो शब्द ऐकतही नाही. नगरच्या मनुष्यास मात्र तो प्रथमच ऐकू आला, आणि त्याने तो शास्त्रातल्या अर्थाने ऐकला! जयाबाई फाटकाशी उभी राहून तुझ्यासाठी रडत होती. आक्का बिचारी. साहेब त्याहून बिचारे. कुत्रेही बिचारे. एवढाच तुझ्याविरुद्धचा पुरावा.

तुझी गोळी कोणीही कोणास सांगितलेली नाही. तुझा राग कोणासही ठाऊक नाही. पाळकांच्या डोळ्यांत जी दया तू पाहिलीस, ती वास्तविक जयाबाईची होती. त्यांनी केवळ ती चुकीच्या पाकिटात घालून आणली.

मी त्यांस दूरध्वनीवर अर्थ सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. मग ते म्हणाले की मला आक्कांची क्षमा मागावी लागेल. मी म्हटले, दाजींचीही, आणि क्रमाने कुत्र्याचीही.

संस्कृतात ‘पाप’ या शब्दास किती अर्थ आहेत हे मी कोश उघडून शोधले. दुष्ट, अशुभ, नीच, अपराध, सगळे सापडले. ‘बिचारा’ कोठेही नाही. आपल्या व्याकरणकारांस जे सुचले नाही, ते शहापूरच्या एका गल्लीत भाकरीच्या तुकड्यासोबत रोज वाटले जाते. मी संस्कृताचा शिक्षक असून हे लिहीत आहे, याची वार्ता मुख्याध्यापकांस कळू नये.

रविवारी २ तारीख आहे. महिन्याचा पहिला रविवार. मी काही सांगत नाही. केवळ दिनदर्शिकेकडे तुझे लक्ष वेधतो.

तुझ्या उत्तराकडे दिवाळीच्या पोस्तासाठी दारात उभ्या पोष्टमनाइतक्याच आतुरतेने पाहणारा,
प्रेमानंद

*

शहापूर, बेळगाव,
४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेमानंदास अनेक आशीर्वाद.

तुला रागवायचं ठरवून कागद घेतला होता. मी नको म्हणण्याआधीच पत्र टाकलंस. पण आता राग येत नाही.

शनिवारी पाळक आले. आमच्याकडे न येता आधी जयाबाईंकडे गेले आणि हात जोडून म्हणाले की मला तुमचं बोलणं कळलं नव्हतं. तिला सगळं समजायलाच वेळ लागला. समजलं तेव्हा ती पायरीवरच बसली आणि इतकी हसली की गल्लीतली माणसं बाहेर आली. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली की पास्टरबी लई पाप हाय, एकटंच राहतंय, जेवलं का न्हाय कुणी इचारत न्हाय. आणि त्यांना बसवून जोंधळ्याची भाकरी आणि झुणका वाढला. त्यांनी निमूट खाल्लं. नंतर माझ्याकडे येऊन क्षमा मागितली. मी म्हटलं, तुम्ही ओझं उतरवा म्हणालात ते काही चुकीचं नव्हतं, माझ्याजवळ होतंच. आणि त्यांना गोळीचं आणि रागाचं मीच सांगून टाकलं. त्यांनी दोन्ही ऐकून घेतलं. रागाचं ऐकून म्हणाले की माझ्या आईनेही वडील गेल्यावर देवाशी सहा महिने अबोला धरला होता, पण स्वयंपाक करताना त्याच्याशी भांडायची सवय तिने सोडली नाही. गोळीचं ऐकल्यावर मात्र हसू दाबता दाबता ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

रविवारी ह्यांच्याजवळ बसायला जयाबाई आली. जा आक्का, मी बसतो, घाई करू नको म्हणाली. मी पुढच्या बाकावर माझ्या जुन्या जागी बसले. पापांची कबुली म्हणायची वेळ आली आणि ‘पाप’ शब्द तोंडात आल्याबरोबर मला ते कुत्रं आठवलं. प्रेमानंद, साठी ओलांडली माझी, आणि आजवर तो शब्द म्हणताना मी मान खाली घालत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी इथून मराठीत म्हणत असेन, पण वर ते कोणत्या भाषेत ऐकलं जातं कुणी सांगावं. वर तरी सगळ्या भाषा येत असतील.

लक्ष म्हणशील तर अजूनही राहत नाही. भाकर जवळ येत होती आणि मला वाटलं, पेजेखालचा गॅस बंद केला की नाही? पूर्वी मी त्या विचाराशी भांडले असते. ह्या वेळी तोच पुढे केला. म्हटलं, प्रभू, गॅसचं मला आठवत नाही, तू बघ. आणि भाकर घेतली.

घरी आले तर गॅस खरंच चालू राहिला होता. जयाबाईने बंद केला होता आणि पेज ह्यांना भरवूनही झाली होती. मी पाळकांचं आणि तुझं, दोन्ही पत्रं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. इतके दिवस लपवून ठेवलं, पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुत्र्यापाशी आल्यावर ह्यांचं अर्धं तोंड हसलं. किती दिवसांनी हसले! मी डोळे पुसत होते, तर त्यांनी चांगला हात उचलला, माझ्या गालाला लावला आणि एक शब्द बोलले. चहा नाही, नको नाही, आमेनही नाही.

म्हणाले, ‘पाप’.

आणि जयाबाई दारातून म्हणाली की व्हय, लई.

समताला सांग, नाताळला तुम्ही सगळे इकडे या. त्या दिवसापुरती तुझ्या चहात मी साखर घालेन, ती रागावली तर माझ्यावर रागावू दे. महिला सभा रचनाने परत माझ्याकडे दिली आहे. तिचं म्हणणं, माझ्याशिवाय सभेत काही गंमत राहिली नव्हती. तुझं वेडंवाकडं संस्कृत चालेल, पण पत्र पाठवत जा.

तुझी, दोन्ही अर्थांनी पाप,
एस्तर आक्का